बेतवाकाठची लढाई आणि आजचे लष्करी परवलीचे शब्द



आपल्या लष्करी लेखनात सध्या परवलीच्या शब्दांचे पीक आले आहे. हायब्रिड वॉर, ग्रे झोन, मल्टी-डोमेन, जॉइंटनेस! लेखात यांतले चार शब्द पेरले की लेखक जाणकार ठरतो. माझे या शब्दांशी वैर नाही. अमेरिकी मरीन कोअरचे जनरल चार्ल्स क्रुलॅक यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'थ्री ब्लॉक वॉर' ही कल्पना मांडली. एकाच शहरात, एका गल्लीत अन्नवाटप, दुसरीत शांतता राखणे आणि तिसरीत लढाई, आणि निर्णय घेणारा साधा कॉर्पोरल. काश्मिरात सकाळी लष्कराच्या ऑपरेशन सद्भावनेच्या शाळेत उभा राहणारा आणि रात्री शोधमोहिमेवर निघणारा आपला जवान हे न वाचताच जाणतो. कोणावर कोणते ओझे पडणार हे हा शब्द सांगतो, म्हणून तो टिकला.

बाकीच्यांची परीक्षा घ्यायची तर झाशीसारखी जागा नाही. २१ मार्च १८५८ रोजी इंग्रज सेनापती सर ह्यू रोज वेढा घालायला शहरासमोर आला. ३१ तारखेला तात्या टोपे झाशीच्या मदतीला वीस हजारांवर फौज घेऊन बेतवाकाठी पोचले. त्यांनी मोठी आगटी पेटवून खूण केली, किल्ल्यावरून तोफांची सलामी झडली. संपर्क झाला, उत्साहही शिगेला पोचला. आजच्या भाषेत 'नेटवर्क' जुळले म्हणा हवे तर! १ एप्रिलला रोजने वेढा न उठवता सुमारे दीड हजार माणसे वेगळी काढून तात्यांना गाठले. घोडदळ आणि घोडतोफखाना दोन्ही बगलांवर घातला. तात्यांची पहिली फळी मोडली. दुसरी इतकी मागे होती की तिची मदत वेळेवर मिळाली नाही. माघार झाकायला जंगल पेटवावे लागले. त्या वेळी तटावरून गोळीबार आणि आरोळ्या चालू होत्या, पण कमी झालेल्या वेढ्यावर शहरातून मोठा हल्ला काही झाला नाही. ३ एप्रिलला इंग्रज तट चढून आत घुसले आणि ४ च्या रात्री राणी लक्ष्मीबाई काल्पीकडे निघाल्या.

शौर्याची उणीव कुठेच नव्हती. माझ्या मते आतल्या आणि बाहेरच्या फौजांना एकाच वेळी हलवणारा एक हुकूम नव्हता. 'जॉइंटनेस' म्हणतात तो हाच. हा हुकूम कोणाचा, हे ठरवायला आपल्याला स्वतंत्र भारतातही किती वेळ लागला पाहा: कारगिलनंतर मंत्रिगटाने २००१ मध्ये संरक्षणदल प्रमुखांच्या पदाची शिफारस केली आणि त्या पदावर पहिला अधिकारी, जनरल बिपिन रावत, १ जानेवारी २०२० रोजी बसला. मधल्या काळात परिसंवाद मात्र भरपूर झाले. (त्यांतल्या काहींत मीही बोललो आहे, हे सभागृहातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे.)

आता मागणे तेवढे सांगतो. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या काळात याच शहरात होते. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापला गेला, आणि आपण तो प्रवासवर्णन म्हणून अभ्यासक्रमाला लावतो. तो युद्धग्रस्त शहरातल्या नागरिकाचा जबाब म्हणून वाचा: लुटीत, कत्तलीत सापडलेला भिक्षुक काय पाहतो, ते त्यात आहे. त्याच्या शेजारी रोजचे खलिते ठेवा, नकाशा पसरा, बेतवेचे उतार पायी फिरा. बेतवाच्या लढाईचा असा तपशीलवार मराठी ग्रंथ आपल्यापैकी कोणीतरी लिहावा, आणि त्यात 'मल्टी-डोमेन' हा शब्द वापरायचाच असेल तर त्या दिवशी कोणाला कोणता हुकूम मिळाला, हे त्याच पानावर सांगावे.