खळ्यावरचा वारा आणि बेटांची वाट

(एकोडी येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



येताना रस्त्याच्या कडेला बांध्यांमध्ये अजून काही पुंजणे उभे दिसले आणि माझी आजी आठवली. याच तालुक्यात, खळ्यावर, ती धानाचं सूप डोक्याच्या वर धरायची आणि थांबायची. हात भरून आले तर सूप खाली ठेवायची, पण वारा आल्याशिवाय एक दाणा सोडायची नाही. मग ईशान्येकडून गार झुळूक यायची, धार सुटायची, दाणा पायाशी पडायचा आणि फोल पलीकडे उडायचं. पुढे नोकरीनं मला मुंबईला नेलं. तिथे शिडाच्या होडीवर जाऊ लागलो आणि पहिल्याच हिवाळ्यात उमगलं, की या विद्येचा पहिला धडा मी खळ्यावर बसून घेतलेला आहे.

कारण वारा तोच आहे. हिवाळ्यात आशियाची जमीन थंड होते, तिच्यावरची हवा जड होते आणि दक्षिणेच्या उबदार समुद्राकडे सरकू लागते. पृथ्वी फिरते म्हणून तिची वाट वळते आणि ती आपल्याकडे ईशान्येकडून येते. पावसाळ्यात हेच सगळं उलटं होतं. या दोन वाऱ्यांच्या वेळापत्रकावर अरबस्तान, कोकण, मलबार आणि मधली बेटं यांचा व्यापार शेकडो वर्षं चालला. एका वाऱ्यानं जायचं, माल विकायचा, आणि दुसरा वारा सुरू होईपर्यंत परक्या बंदरात राहायचं.

धान कापणीच्या सुमारास पिवळसर चतुर थव्यानं उडताना तुम्ही पाहिले असतील. दरवर्षी ऑक्टोबरात मालदीवच्या बेटांवर असेच चतुर लाखोंनी उतरतात. त्या बेटांवर त्यांना अंडी घालण्याजोगं उघडं गोडं पाणी जवळजवळ नाही, मग ते येतात कशाला? चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं बरीच वर्षं नोंदी ठेवल्या आणि 2009 साली मांडलं, की हे चतुर भारताकडून निघालेले असतात आणि हजार मीटरच्या वरच्या ईशान्य वाऱ्यावर स्वार होऊन आफ्रिकेकडे चाललेले असतात. बेट त्यांच्या वाटेवरचा थांबा. बोटाएवढा तो जीव समुद्र ओलांडतो, हे आठवलं की मला अजूनही भरून येतं.

माणसानं केलेला असा एक प्रवास मला आज सविस्तर सांगायचा आहे. टिम सेव्हरिन नावाच्या लेखकानं ओमानमध्ये सूर गावी जुन्या पद्धतीचं एक जहाज बांधून घेतलं. नाव ‘सोहार’. जहाजाच्या फळ्यांना एक खिळा नाही. मलबारचं लाकूड, आणि फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. त्यासाठी सुमारे 640 किलोमीटर दोरी लागली. ती आली लक्षद्वीपमधून, आणि शिवणारे हातही तिथलेच. 1980 च्या नोव्हेंबरात, ईशान्य वारा धरून, ‘सोहार’ मस्कतहून निघालं आणि अरबी समुद्र उतरून लक्षद्वीपच्या चेटलाट बेटाला लागलं. म्हणजे दोरी वळणाऱ्यांच्या दारात ती दोरी जहाज होऊन परत आली.

तिथून कालिकत, पुढे श्रीलंका. आणि मग वारा पडला. श्रीलंका आणि सुमात्रा यांच्या मधल्या पाण्यात ईशान्य वारा संपला होता आणि नैर्ऋत्येचा सुरू व्हायचा होता. माणसं आठवड्यामागून आठवडे थांबली. पावसाचं पाणी ताडपत्रीत धरून पिंपं भरली, मासे मारून पोट भरलं. शेवटी जुलै 1981 मध्ये जहाज चीनमधल्या कॅन्टनला पोहोचलं. सेव्हरिननं लिहिलेल्या वर्णनातला सगळ्यात मोठा भाग मला या थांबण्याचाच वाटतो. रोवणीसाठी पऱ्हे तयार ठेवून आभाळाकडे बघत बसलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

आता बेटाजवळ गेल्यावर काय होतं ते सांगतो. लक्षद्वीपची बेटं पोवळ्याची आहेत, पाण्यावर जेमतेम काही मीटर उंच. दुरून बेट दिसत नाही, आधी माडांचे शेंडे दिसतात. बहुतेक ठिकाणी जमीन पूर्वेच्या कडेला आणि तिच्या पश्चिमेला उथळ, निळंहिरवं पाणी, भोवती पोवळ्याची भिंत. आपल्या मामा तलावाला जशी पाळ, तशीच. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या लाटा त्या पाळीवर आपटतात आणि आत शिरणं जिवावरचं असतं. हिवाळ्यात वारा पूर्वेच्या अंगानं येतो, बेट स्वतःच आडोसा देतं, आणि आतलं पाणी बोडीसारखं निवांत पडलेलं असतं. आत जायला पाळीत एखादीच खिंड असते. ती सूर्य डोक्यावर आणि थोडा पाठीमागे असतानाच पार करायची, कारण तेव्हाच पाण्याचा रंग वाचता येतो. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे पोवळं, आणि तिथे होडी फुटते.

आत गेल्यावर नांगर टाकायचा. आपल्या भाषेत शेत नांगरणाऱ्या अवजाराला आणि जहाज थोपवणाऱ्या लोखंडाला एकच शब्द आहे, आणि दोन्ही तळात रुतून ओढ धरतात. पण शेतात नांगर फिरला की पीक येतं. पोवळ्यात तो फिरला, तर वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढणारं समुद्राखालचं रान एका दुपारीत मरतं. म्हणून नांगर फक्त वाळूत टाकायचा, वाळू दिसत नसेल तर पुढे जायचं. या बाबतीत मला कोणतीही सवलत मान्य नाही.

मी स्वतः जास्त फिरलो ते कोकणात. तिथली शिकवण लहानशी आहे. हिवाळ्यात रात्री जमीन निवते आणि पहाटे किनाऱ्याकडून मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्रावरून खारा. भूगोलाच्या पुस्तकात आपण दोन गुणांसाठी पाठ करतो तेच हे वारे. एकदा सुवर्णदुर्गाजवळून निघायला आम्ही आळसानं उशीर केला, मतलई संपला, आणि दुपारपर्यंत किल्ल्याचा तोच बुरूज बघत बसलो. हर्णैच्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी आदल्या संध्याकाळीच पहाटे चारला शीड उभारा म्हणून बजावलं होतं.

समुद्र आणि आपण यांच्यात पाचशे किलोमीटर आहेत. पण अजिंठ्याचे डोंगरही समुद्रापासून दूरच आहेत. तिथे दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे, सुमारे पाचव्या शतकातलं. तेच चित्र समोर ठेवून गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात आणि केरळच्या कारागिरांच्या हातून शिवणीचं जहाज तयार झालं. मे 2025 मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावानं नौदलात आलं. याच दांडेकरांनी आधी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली होती. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि मे 2010 मध्ये पृथ्वीला वळसा घालून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. ही कल्पना ज्यांनी उराशी बाळगली आणि नौदलाच्या गळी उतरवली, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत होते कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णीत, माळरानावर.

या गावातल्या एखाद्या मुलीनं शीड हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. डोंगा चालवणारे ढिवर बांधव इथल्या तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पाण्याची ओळख इथे कमी नाही.

जाता जाता एक करा. बाहेर पडल्यावर उत्तरेकडे तोंड करून हात पूर्ण लांब करा, मूठ वळा आणि मुठीची खालची कड क्षितिजाला लावा. तिच्यावर दुसरी मूठ ठेवा. एक मूठ साधारण दहा अंशांची, आणि एकोडी आहे एकवीस अक्षांशावर, म्हणून ध्रुवतारा दुसऱ्या मुठीच्या किंचित वर सापडेल. जुने खलाशी लाकडाची पट्टी आणि गाठी मारलेली दोरी घेऊन हेच मोजायचे. चेटलाटला तो तारा एक मूठ आणि एका बोटाएवढाच वर असतो. तिथपर्यंत उतरलात, की सुकाणू वळवायचं आणि माडांचे शेंडे शोधायचे.