समुद्रातील कुरण



अन्नसाखळीचा पाठ शिकविताना फळ्यावर गवत, हरीण आणि वाघ काढण्याचा प्रघात आहे. किनाऱ्यावरील शाळेतील मुलाने वाघ पाहिलेला नसतो. त्याच्या घरी तारली येते. ती तारली काय खाते, असे त्याने विचारले तर उत्तर समुद्राच्या पाण्यातच शोधावे लागते. पाण्यात तरंगणारे आणि सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करणारे सूक्ष्म जीव, म्हणजेच वनस्पतिप्लवक, हे तिच्या आहारातील मुख्य अन्न होय. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाने दरसाल जेवढे सेंद्रिय द्रव्य निर्माण होते, त्यातील सुमारे निम्मे हे जीव निर्माण करतात.

हे कुरण बारमास सारखे नसते, आणि एकाच उपसागरात सर्वत्रही सारखे नसते. गोव्यात झुआरी नदीच्या मुखाशी असलेल्या दोनापावल येथील पाणी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तेथेच असल्यामुळे या पाण्याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की नदी घाटातून माती आणते व तिच्याबरोबर नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका ही द्रव्येही आणते. गोडे पाणी हलके असल्याने ते खाऱ्या पाण्यावर पसरते. सिलिकेचे काचेसारखे कवच बनविणाऱ्या करंडक वनस्पतींना ही पर्वणीच असते. त्यांतील स्केलेटोनेमा ही मण्यांच्या माळेप्रमाणे साखळी करून राहते व कमी खारट पाण्यातही झपाट्याने वाढते. तथापि नुसत्या खताने पीक येत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागणार नाही. ढगाळ आकाश आणि गढूळ पाणी यांमुळे प्रकाश अपुरा पडतो. पावसाने उघडीप दिली, गाळ थोडा खाली बसला, म्हणजे वाढीला जोर येतो. नदीच्या वरच्या भागात पाणी तांबूस आणि ओढ जोराची, म्हणून तेथे प्लवक टिकत नाही. मुखाकडे पाणी निवळू लागते, तेथे ते वाढते.

उन्हाळ्याकडे चित्र पालटते. नदी रोडावते, खारे पाणी दूरवर आत शिरते आणि समुद्राच्या वरच्या थरातील नायट्रेट सरते. अशा निवांत पाण्यावर फेब्रुवारी ते मेच्या सुमारास लाकडाच्या भुशासारखे पिवळसर-तपकिरी पट्टे कधीकधी दिसतात. ते तेल नव्हे, घाणही नव्हे. तो ट्रायकोडेस्मियम नावाचा जीव असून पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू वापरण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी आहे. शेतातील कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत चालणारे कार्यच तो समुद्रात करतो.

प्लवक अधिक म्हणजे मासळी अधिक, असे मात्र वर्गात सरसकट सांगू नये. अतोनात वाढलेले प्लवक मरून कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे दूर जातात वा मरतात. काही जाती विषारीही असतात. शिंपले पाणी गाळून प्लवक खातात, त्यामुळे ते विष त्यांच्यात साठते. 1983 साली मंगळूरच्या परिसरात शिंपल्यांमुळे अशी विषबाधा झाली होती. हे विष शिजविल्याने जात नाही, म्हणून पाण्याचा रंग विचित्र दिसत असताना मुलांनी तिसऱ्या काढून घरी आणू नयेत. रंग पालटला नाही म्हणजे विष नाहीच, अशीही खात्री नसते.

एक प्रयोग शाळेस सहज करता येईल. 1865 साली इटालियन ज्योतिर्विद सेक्की यांनी पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, हे मोजले होते. डब्याचे पांढरे रंगविलेले झाकण, खाली एक वजन आणि हातहातावर गाठी मारलेली दोरी एवढे साहित्य पुरे. पावसाळ्यात हा प्रयोग करू नये. नंतरही जाणत्या माणसाच्या सोबतीने, धक्क्यावरूनच करावा. खाडीच्या आत एक व मुखाशी एक अशा दोन जागा ठरवाव्यात. तबकडी लवकर दिसेनाशी होणे हे गाळाचेही लक्षण असू शकते, म्हणून काचेच्या बाटलीत पाणी भरून, पांढऱ्या कागदापुढे धरून ते हिरवट दिसते की मातकट, हे लिहून ठेवावे. त्यापुढे तारीख आणि भरती होती की ओहोटी, याचीही नोंद करावी. भरतीच्या नोंदीची तुलना ओहोटीच्या नोंदीशी करता येत नाही.