ओळखीचा दगड



मॉरिशसला क्युरपीपमध्ये त्रू ओ सेर नावाचा जुना ज्वालामुखी आहे. काठावरून वाकून पाहिलं, तर आत नुसती गर्द झाडी आणि तळाशी पाणी. मी मेली धूर बघायला गेले होते! पण तिथला दगड मात्र ओळखीचा निघाला, आपल्याकडचाच काळा बसाल्ट. ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त ठिकाणाच्या लाव्ह्यानं दख्खन घडलं, त्यानंच फार पुढे मॉरिशस वर काढलं. तोवर आपण उत्तरेला सरकलो होतो. गिरमिटिया होऊन गेलेल्या मजुरांनी, त्यांत मराठीही होते, हेच दगड वेचून उसाची रानं केली. ढीग अजून उभे आहेत.

बेंबळीतलं आमचं रान विकायचं घरात चाललंय. भावाला त्या ढिगांचा फोटो पाठवलाय. उत्तर अजून आलेलं नाही.