शिळा भात आणि शीतकपाट

रात्रीचा भात उरला की सकाळी त्याला फोडणी द्यावयाची, ही मराठी घरांतली जुनी रीत. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा दूरच्या गावी स्थिरावलेल्या कुटुंबांनीही ती सोडली नाही. पुढे घरांत शीतकपाट, म्हणजेच फ्रीज आला आणि उरलेले अन्न ठेवण्याची चिंता मिटली, असे गृहिणींना वाटू लागले. परंतु थंडी जंतूंना मारीत नाही. ती त्यांची वाढ मंद करते, इतकेच. अन्न ज्या स्थितीत आत जाते, बहुधा त्याच स्थितीत ते बाहेर येते. म्हणून खरी दक्षता कपाटाचे दार उघडण्यापूर्वीच घ्यावयास हवी.

भाताचेच पाहावे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजतानाही टिकून राहतात. भात ओट्यावर कोमट राहिला की हे बीजाणू रुजतात, जंतू वाढतात आणि विष तयार होते. मग फोडणी कितीही चरचरीत असो, त्या उष्णतेने हे विष नाहीसे होत नाही. वासावरून वा चवीवरून ते ओळखूही येत नाही. काही तासांत उलट्या सुरू होतात, आणि लहान मुलांना व वृद्धांना त्या विशेष जाचतात.

सामान्यतः ५ ते ६० अंश सेल्सियस या उष्णतामानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजलेले अन्न दोन तासांच्या आत कपाटात जावे; हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असेल, तर एका तासातच. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात हा एक तासाचाच नियम लागू पडतो. भात परातीत पसरावा. वरणाचे मोठे पातेले मध्यभागी तासन्‌तास गरम राहते; म्हणून ते उथळ भांड्यांत वाटून, भांडी गार पाण्यात ठेवावी आणि वाफ जिरताच झाकून आत ठेवावी.

कपाटातील उष्णतामान ५ अंशांपेक्षा अधिक नसावे. आत दाटी केल्यास गार हवा खेळत नाही. दाराचे कप्पे सर्वांत कमी गार असल्याने दूध तेथे ठेवू नये. कच्चे मासे वा मटण झाकलेल्या भांड्यात, सर्वांत खालच्या फळीवर असावे, म्हणजे त्याचे पाणी शिजलेल्या अन्नावर ठिबकत नाही. भात दुसऱ्या दिवशी संपवावा. भाजी-आमटी फार तर तीन दिवस. हवे तेवढेच काढून, सर्वत्र वाफ येईपर्यंत एकदाच तापवावे.

बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ थांबते. पण अन्न वितळताच ती पुन्हा सुरू होते. म्हणून गोठलेले अन्न ओट्यावर न ठेवता खालच्या कप्प्यातच वितळू द्यावे. मटार गोठविण्यापूर्वी दीड-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात घालून लगेच गार करावे, म्हणजे रंग व चव टिकते. वीज गेल्यास दार उघडू नये. बंद कपाट सुमारे चार तास गारवा धरते.

अन्न टाकणे मराठी घरांत पाप मानले जाते, आणि ती भावना योग्यच आहे. मात्र रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मुलांच्या ताटात वाढल्याने अन्नाचा मान राखला जात नाही. तो राखावयाचा तर तांदूळ मोजून घ्यावा, आणि उरलेला भात जेवणे आटोपताच गार करून आत ठेवावा.