रेसिपीतला खोटा अंजीर

(या एपिसोडचं लेखी रूप. बोलताना जसं आलं, जवळजवळ तसंच ठेवलंय.)

आज नाताळच्या केकबद्दल बोलायचंय. आणि एका खोटेपणाबद्दलही. खोटेपणा माझाच आहे, त्यामुळे नावं ठेवायला तुम्ही मोकळे.

तुम्हाला कुणी रेसिपी मागितली आणि तुम्ही एक गोष्ट गाळून दिलीत, असं कधी झालंय? प्रामाणिकपणे सांगा. मी केलंय. आणि गाळून थांबले नाही, पुढे जाऊन खोटंही बोलले.

आधी थोडं मागे जाते. मी मूळची साताऱ्याची. आमच्या घरी ओव्हन नव्हता, आजूबाजूला कुणाकडेच नव्हता. पण नानकटाई मात्र घरची असायची. दिवाळीच्या आधी आई मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत घेऊन जायची. पीठ तिथेच मळायचं, गोळे काळ्या पत्र्यांवर लावायचे आणि बेकरीवाला ते भट्टीत सरकवायचा. भाजायचे पैसे वेगळे. चार घरच्या बाया एकाच वेळी तिथे, प्रत्येकीचे पत्रे वेगळे, आणि सगळ्यांच्या नजरा एकमेकींच्या पिठावर. 'तूप किती घातलंस गं?' असं कुणी विचारलं की उत्तर लगेच मिळायचं. लपवणार काय, सगळं समोरच चाललेलं. हे मला फार नंतर आठवलं.

2019 मध्ये नोकरीसाठी वसईला आले. माणिकपूरला भाड्याचं घर, तळमजला. शेजारी एक मावशी राहायच्या, म्हणजे अजूनही राहतात. वसईतल्या ख्रिस्ती घरातल्या. पहिल्याच दिवाळीत मी त्यांना फराळाचं ताट दिलं. ते ताट काही परत येईना. एक महिना झाला, दीड महिना झाला. मला वाटलं, विसरल्या असतील. आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी तेच ताट भरून आलं. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हा नियम आपल्याकडेही आहे, पण त्यासाठी दोन महिने थांबणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

ताटात कुलकुल होते. काट्या-चमच्यातल्या काट्यावर नाहीतर कंगव्यावर वळून तळलेले ते छोटे शिंपले असतात ना, ते. करंज्या होत्या, मार्झिपान होतं. वसईत पोर्तुगीज 1534 ते 1739 म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त होते, त्यांच्या स्वयंपाकघराची खूण या ताटात अजून दिसते, आणि शेजारी आपली करंजीही बसलेली असते. पण माझं लक्ष होतं ते एका काळ्याभोर केकच्या तुकड्याकडे. खाताना मध्येच काहीतरी चिवट, मधासारखं गोड लागत होतं. खजूर नाही, मनुका नाही.

ती सुकेळी होती.

वसई-आगाशीकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात कित्येक दिवस सुकवतात. ती आकसतात, मधाच्या रंगाची होतात, त्यांना सुकेळी म्हणतात. तुकडा तोंडात टाकला की चघळत बसावं लागतं. मावशी तीच बारीक चिरून केकमध्ये घालायच्या.

मी त्यांच्या मागेच लागले. पुढच्या वर्षी त्यांनी मला शेजारी उभं करून केक करायला शिकवलं. माप वाटीचं आणि अंदाजाचं. मी मोबाईलवर लिहून घेत होते, त्या म्हणाल्या, 'लिहितेस काय, हात घाल!' तेव्हा 2020 होतं. नोकरी गेलेली, भाडं थांबत नव्हतं. त्या डिसेंबरमध्ये मी अकरा केक विकले.

मग आमचा ग्रुप झाला. वसई, नालासोपारा, विरार, घरून केक करून विकणारे आम्ही आठ जण. सात बायका आणि नालासोपाऱ्याचा एक दादा, जो दिवसा बँकेत असतो आणि ज्याचं आयसिंग आमच्या सगळ्यांपेक्षा सुबक. लोणी स्वस्त कुठे मिळतं, खोके कुठून आणायचे, कुणाची ऑर्डर जास्त झाली तर कुणाकडे वळवायची, असं सगळं त्यात चालतं. आणि डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं. प्रत्येकाने एकच पदार्थ आणायचा, पण आठ वाटे करून. जाताना प्रत्येकाच्या डब्यात आठ प्रकार. कुणी रवा-खोबऱ्याचा बाथ आणतं, कुणी नानकटाई, कुणी बिनअंड्याचा खजुराचा केक. आम्हा आठांत ख्रिस्ती तिघीच आहेत, पण डिसेंबर लागला की आठही घरांना लवंग-दालचिनीचा वास.

त्यात माझा केक गाजला. सगळे विचारायला लागले, आत काय आहे? आणि मी 'आमची सीक्रेट रेसिपी' असं म्हणायला लागले. आमची! म्हणजे कुणाची? खोक्यावर तसं स्टिकरही छापून घेतलं. हे सांगताना आत्ताही कान गरम होतात.

गिरिजच्या एका ताईंनी मात्र सरळ मागितली. विकायला नाही, घरच्यासाठी. त्यांच्या सासूबाईंना आवडला होता. नाही म्हणता येईना. म्हणून मी लिहून दिली, पण सुकेळीच्या जागी अंजीर लिहिलं. आणि तापमान लिहिलंच नाही. त्यांनी विचारलं, 'किती डिग्री गं?' मी टाइप केलं, 'नेहमीसारखंच.'

आता इथे जरा थांबते, कारण ज्यांना बेकिंग माहीत नाही त्यांना यात काय मोठं असं वाटेल. साधा स्पंज 180 ला भाजतात. हा केक मेव्याने गच्च भरलेला, जड. त्याला 180 दिलं की कडा करपतात, वर भेग पडते आणि मध्ये कच्चं राहतं. त्याला 150 लागतं, सावकाश, आणि टिनला आतून कागदाचे दोन थर. वर रंग आला तरी घाई करायची नाही. म्हणजे मी 'नेहमीसारखंच' असं लिहिलं तेव्हा तो केक बसणार हे मला माहीत होतं.

बसला. ताईंनी ग्रुपवर फोटो टाकला, मध्ये खड्डा, आणि खाली लिहिलं, 'माझंच काहीतरी चुकतंय.' मी त्यावर हसरा इमोजी टाकला. पुढच्या डिसेंबरमध्ये, म्हणजे 2023 ला, त्यांनी पुन्हा केला. पुन्हा तेच. त्यांना वाटलं ओव्हनच खोटं तापमान दाखवतोय, म्हणून साडेचारशे रुपयांचा ओव्हनचा थर्मामीटर आणला. ओव्हन बरोबर होता.

मग आला 21 डिसेंबर 2024, शनिवार. माझ्याकडे अर्ध्या किलोच्या अडतीस केकची ऑर्डर. बारा झाले होते. रात्री साडेनऊला पुढचे चार आत ठेवले, आणि ओटीजीचा खालचा रॉड गेला. आवाज नाही, ठिणगी नाही. वरचा लाल, खालचा काळा. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो म्हणाला सोमवारी बघू. सोमवार म्हणजे 23 तारीख. ॲडव्हान्स घेतलेला आणि त्यातला निम्मा खर्चही झालेला. आतले चार फेकावे लागले.

मी ग्रुपवर लिहिलं. पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं, गिरिजच्या ताईंचं. 'माझा ओव्हन उद्या दिवसभर रिकामा आहे. चार तरी होतील. काय काय आणतेस?' मग बाकीचे. सहा घरं प्रत्येकी चार, आणि दादाकडे छोटा ओव्हन म्हणून दोन. सव्वीस. हिशेब जमला.

पण मिश्रण घरी करून आठ-दहा किलोमीटर स्कूटरवर न्यायचं आणि तिथे ओव्हन रिकामा व्हायची वाट बघत ठेवायचं, असं नाही चालत. लोणी-साखर फेटून भरलेली हवा बसते, बेकिंग पावडरचा जोरही उतरत जातो. मिश्रण ज्याच्या त्याच्या घरीच व्हायला हवं. म्हणजे भिजवलेला मेवा मी पोचवणार, आणि रेसिपी सगळ्यांना द्यावी लागणार. खरी.

मी ती रात्री पावणेबाराला टाइप केली. सुकेळी. 150 डिग्री. दोन थर कागद. पाठवायच्या आधी किती वेळ बोट तसंच धरून बसले, मोजलं नाही. आणि तेव्हासुद्धा भीती कसली होती सांगू? ताईंना कळेल याची कमी, आणि पुढच्या वर्षी सगळे हा केक विकतील याची जास्त. खरं तेच सांगते.

पाठवलं. सहा जणांचे अंगठे आले. ताईंच्या दोन निळ्या टिका, बाकी काही नाही.

सकाळी सात वाजता त्यांच्या दारात मेव्याचा डबा घेऊन उभी राहिले. थंडी चांगलीच होती. त्यांनी डबा घेतला, झाकण काढून वास घेतला, एक तुकडा उचलून खाल्ला. म्हणाल्या, 'सुकेळी. आणि मी दोन वर्षं अंजीर आणत होते.'

मी म्हटलं, 'ताई, चुकलं माझं. मुद्दाम केलं होतं.'

'ते कळलं मला रात्रीच,' त्या म्हणाल्या. 'लोणी मऊ व्हायला वेळ लागेल, हवा गार आहे. तू जा, तुला अजून पाच घरं आहेत.'

बस, एवढंच. मिठी वगैरे काही नाही. संध्याकाळी त्यांचे चार केक घ्यायला गेले, तर पूर्ण गार करून, कागदात गुंडाळून ठेवलेले. आमच्या सव्वीसांतले ते सगळ्यात सरस होते. त्यांच्या मुलाने ते आणून दिले, त्या बाहेर आल्या नाहीत. जानेवारीत मी त्यांना थर्मामीटरचे पैसे पाठवले, ते त्यांनी ठेवून घेतले. मला बरं वाटलं.

सगळे केक सारखे झाले नाहीत, हेही सांगते. एका घरी कॅरॅमल जास्त जळलं, ते जरा कडवट. गिऱ्हाइकांपैकी दोघांनी विचारलं, यंदा चव वेगळी का? मी सांगितलं, ओव्हन बिघडला, मैत्रिणींनी भाजून दिले. एकाने पैसे परत मागितले, दिले.

नंतर मावशींकडे गेले. मनात होतं की आता सांगायला हवं, तुमची रेसिपी सात घरांत गेली. त्या कुलकुलचा डबा पुसत होत्या. म्हणाल्या, 'माझी कुठली? नणंदेने शिकवला. आणि सुकेळी तर एका वर्षी मनुका महाग झाला म्हणून घातली, घरात पडली होती.' मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'केळंच आहे ते. त्यात काय लपवतेस?'

केळ्यावरून एक आठवलं. भारतातला पहिला नाताळ केक म्हणून केरळमधल्या तलश्शेरीची गोष्ट सांगतात. 1883 साली मर्डॉक ब्राऊन नावाच्या मळेवाल्याने इंग्लंडहून आणलेला केक मंबल्ली बापू या बेकरीवाल्याला चाखायला दिला आणि म्हणाला, असा करून दे. ब्रँडीही चांगली वापर, म्हणाला. बापूंनी ब्रँडीऐवजी काजूच्या बोंडांची आणि तिथल्या कदळी केळ्यांची गावठी दारू घातली, असं सांगतात. साहेबाला आवडला. म्हणजे जे हाताशी आहे ते केकमध्ये घालायची रीत मावशींच्याही बरीच आधीची.

यंदा ताई तिसऱ्या रविवारी आल्या होत्या. त्यांनी सुकेळीचा केक आणला, साखरेऐवजी थोडा गूळ घालून. मी खाल्ला. माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि हे मला अजून नीट पचलेलं नाही. आमच्यात पूर्वीसारखं हसणं-खिदळणं नाही, पण रविवारी त्यांनी मला विचारलं, जायफळ किती घालतेस? मी सांगितलं. पाव चमचा.

तर, मावशींना विचारूनच सांगतेय, लिहून घ्या. अर्ध्या किलोचे दोन केक होतात. सुकेळी 150 ग्रॅम, काळे मनुके 100, बेदाणे, खजूर आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल प्रत्येकी 50. सुकेळी सोडून बाकीचं रममध्ये महिनाभर आधी भिजवलं तरी चालतं. रम नको असेल तर संत्र्याचा रस, पण तो फ्रिजमध्ये आणि दोनच दिवस, नाहीतर आंबतो. सुकेळी बारीक चिरून आदल्या रात्रीच घालायची, आधी घातली तर लगदा होतो. 75 ग्रॅम साखर कोरडीच तापवून गडद करायची, गॅस बंद करून त्यात 60 मिली गरम पाणी, लांब उभं राहून, कारण उडतं. लोणी 175 आणि साखर 150 फेटा, तीन अंडी एकेक करून, अंडी फ्रिजमधली नकोत. मग थंड झालेलं कॅरॅमल, मैदा 175, बेकिंग पावडर अर्धा चमचा, दालचिनी-लवंग पूड पाऊण चमचा, जायफळ सांगितलंच. शेवटी मेवा आणि मूठभर काजू. सहा इंची दोन टिन, कागदाचे दोन थर.

150 डिग्री. सव्वा तास, मग मध्ये सळई घालून बघा. कोरडी आली नाही तर अजून दहा मिनिटं.