तळघर आणि आडाचं पाणी



आमचं मंगळवार पेठेतलं जुनं घर पाडून नव्यानं बांधायचं ठरलं. थोरल्या मुलानं नकाशा आणून माझ्यासमोर पसरला. जिन्याशेजारून खाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि त्यांच्या तळाशी दहा बाय चौदाची एक खोली. खोलीवर त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘अब्बांची खोली’.

रस्त्यावरचे हॉर्न, तालमीसमोरचा दंगा, दारावरची बेल यांतलं काही खाली ऐकू येणार नाही, भिंतभर पुस्तकं राहतील, असं तो सांगत होता. बापासाठी कुणी शांतता बांधून देतो म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मी मान डोलावली. रात्री मात्र झोप लागली नाही.

ही कल्पना आली न्यू जर्सीहून. माझा भाचा तिथं राहतो. त्याच्या घराच्या पोटात गालिचा, कपाटं, टीव्ही, पाहुण्यांचा पलंग, सगळं काही आहे. मुलगा ते पाहून आला होता. पण तिकडच्या तळघराला कारण आहे. हिवाळ्यात तिथली जमीन वरून खाली दोन-तीन फूट गोठते. गोठणारी माती फुगते आणि पाया उचलते, म्हणून पाया त्या थराच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर थोडं आणखी खणून खोली करावी, असा तो हिशेब. आपल्याकडे थंडीनं जमीन गोठत नाही. आपल्याकडे तिच्यात पाणी भरतं.

आपले लोक जमिनीच्या पोटात काही ठेवत नव्हते असं नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती. तोंड अरुंद, पोट मोठं. एखाद्या गोष्टीचं पेव फुटलं असं आपण म्हणतो, तो शब्द इथलाच. पेव उघडलं की आत लगेच कुणी उतरत नसे; कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यायची. तिथली मातीच अशी की हळद वर्षानुवर्षं टिकायची. तरीही २००५च्या महापुरात त्यांतली कितीतरी पेवं निकामी झाली.

त्याच पुरात माझंही एक पेव बुडालं. माझे वडील पुस्तकबांधणी करत. बांधणीला आलेल्या पुस्तकांतलं जे आवडेल ते रात्री उतरून घेत. अशा सात वह्या त्यांनी स्वतःच्या हातानं शिवल्या होत्या. घरात जागा नव्हती, म्हणून त्या वह्या आणि माझ्या पहिल्या कवितासंग्रहाचे न खपलेले गठ्ठे मी शाहूपुरीतल्या एका इमारतीच्या तळघरात ठेवले. तळघर कोरडं आहे, असं मालकानं सांगितलं होतं. तो खोटं बोलत नव्हता. तो मे महिन्यात बोलत होता.

जुलैअखेर पाणी आलं. रस्त्यावर दिसायच्या आधी ते गटाराच्या तोंडातून वर आलं. नदी फुगली की नाल्याचं पाणी उलटं शहरात शिरतं, हे मला त्या दिवशी कळलं. चार दिवसांनी उतरलो, तेव्हा बांधणीची खळ विरघळून पानं एकमेकांना चिकटली होती. एकच वही वाचली. कवितांचं दुःख झालं नाही, त्या पाठ होत्या.

सकाळी हे सगळं मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “अब्बा, आपलं घर पूररेषेत नाही.” खरं आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली, तरी आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. पण तळघराला नदी लागत नाही, जमिनीतलं पाणी पुरतं. आणि कोल्हापूर हे तळ्यांचं गाव. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं होतं, गांधी मैदानाच्या जागी वरुणतीर्थ. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साचतं.

आमच्या म्हाताऱ्या गवंड्यानं वाद मिटवला. म्हणाला, “परड्यात आड हाय न्हवं? श्रावणात त्यालाच इचारा.” आम्ही थांबलो. श्रावणात दोरीला दगड बांधून आडात सोडला. पाणी पाच फुटांवर लागलं. आमच्या खोलीची फरशी नऊ फुटांवर होती.

इंजिनिअरनं उपाय सांगितले. ते खोटे नव्हते. भिंतींना बाहेरून, माती भरण्याआधी जलरोधक थर द्यायचा. आतून कितीही रंग लावला तरी पाणी तो सोलून काढतं. फरशी जाड आणि जड करायची, कारण रिकामी घागर पाण्यात दाबली तर ती वर उसळते, तशीच पाण्यातली रिकामी खोलीही. कोपऱ्यात खड्डा करून पंप बसवायचा. मी विचारलं, “मुसळधार पावसात वीज गेली तर?” जनरेटर, असं उत्तर आलं. शिवाय पावसाळी दमट हवा थंड भिंतींना लागून ओल धरते, त्यासाठी आणखी एक यंत्र. म्हणजे माझी पुस्तकं कोरडी राहावीत म्हणून यंत्रांनी जन्मभर जागायचं.

घर बांधणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तळघराची फरशी आणि रंग निवडायच्या आधी एक पावसाळा थांबा. शेजारचा आड नाहीतर विहीर बघा, गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा, नाल्याची वाट शोधा. जमीन कोरडी लागली तर जरूर खणा. पण पुन्हा मिळणार नाही अशी वस्तू सगळ्यात खाली ठेवू नका.

आमचं जोतं आता तीन फूट उंच होतंय. मुलानं खालची खोली खोडली आणि माडीवर, आडाकडे तोंड करून, तेवढीच खोली काढली. रस्त्याकडच्या बाजूला जाड भिंत. पेन्सिलीनं पुन्हा तेच दोन शब्द लिहिले. वडिलांची ती एक वही सर्वांत वरच्या फळीवर राहील. तिची पानं अजून नीट सुटत नाहीत. दर उन्हाळ्यात मी एखादं सोडवून बघतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)