‘हे पडलं तर काय?’ : सर्व्हरचं डिझाइन शिकवताना

(या भागाचं शब्दांकन. अडखळणं आणि चहाचे घोट तेवढे काढलेत, बाकी बोलणं जसंच्या तसं.)

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय ऐकायला जरा ऑफिसातला वाटेल, पण तुमच्या हातातल्या फोनशी त्याचा थेट संबंध आहे.

मी आयटीत काम करणाऱ्यांना सर्व्हर ॲप्लिकेशनचं इन्फ्रास्ट्रक्चर डिझाइन करायला शिकवते. म्हणजे काय? एखादं ॲप हजारो लोक एकदम वापरणार असतील, तर त्याच्यामागे सर्व्हर किती, डेटाबेस कुठे, बॅकअप कसा, एखादं मशीन बंद पडलं तर पुढे काय, हे सगळं आधी कागदावर ठरवायचं.

माझ्याकडे येणारी मुलंमुली हुशार असतात. चार-पाच वर्षं काम केलेलं असतं, सर्व्हर डोळे मिटून इन्स्टॉल करतात, कमांड तोंडपाठ. पण कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, ‘आता तू ठरव’, की हात थांबतो. कारण आतापर्यंत दुसऱ्याने ठरवलेलं उभं करायची सवय असते.

माझंही तसंच होतं. मी कशी शिकले ते आधी सांगते.

तेव्हा मी एका संस्थेच्या ऑनलाइन प्रवेश अर्जांच्या कामावर होते. डिझाइन माझं. पुढे लोड बॅलन्सर, त्याच्यामागे दोन वेब सर्व्हर, मागे डेटाबेस. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, ‘एक सर्व्हर गेला तर?’ मी ऐटीत म्हटलं, ‘दुसरा आहे ना!’

अर्जाचा शेवटचा दिवस. दुपारी चारला सगळं बंद. एक नाही, दोन्ही सर्व्हर गेले. कारण काय, तर ते दोन्ही व्हर्च्युअल मशीन होते आणि एकाच खऱ्या मशीनवर चालत होते. त्या मशीनचा पॉवर सप्लाय उडाला. माझ्या डायग्राममध्ये दोन चौकोन होते, रॅकमध्ये मात्र एकच डबा.

आम्ही देव पाण्यात ठेवून बसलो होतो. मदतीचा फोन वाजत होता, उचलायला कुणी नव्हतं, म्हणून मी उचलला. पलीकडे एक वडील. मुलीचा अर्ज भरायला तालुक्याच्या सायबर कॅफेत आले होते. आवाज अजिबात चढलेला नव्हता. एवढंच म्हणाले, ‘मॅडम, आमची शेवटची एसटी सातची आहे. थांबू का जाऊ?’

मला उत्तर देता आलं नाही. बंद का पडलं ते मला कळलं होतं. सुरू कधी होईल ते माहीत नव्हतं, कारण ते आम्ही कधी मोजूनच बघितलं नव्हतं. साइट रात्री सुरू झाली, नंतर मुदतही वाढली. पण त्या संध्याकाळी ते थांबले की गेले, मला आजही माहीत नाही.

त्या दिवसापासून माझ्यासाठी डिझाइनची परीक्षा एकच. त्या माणसाला सरळ उत्तर देता येईल का?

आता थोडं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे. समजा एक सर्व्हर ९९ टक्के वेळ चालू असतो. ऐकायला छान वाटतं. पण वर्षात ८,७६० तास असतात, म्हणजे १ टक्का झाला जवळपास ८८ तास. साडेतीन दिवसांपेक्षा जास्त बंद! वेब सर्व्हर आणि डेटाबेस दोन्ही लागत असतील आणि दोन्ही ९९ टक्केवाले असतील, तर गुणाकार करायचा. आलं ९८.०१. साखळी लांबली की भरवसा कमी होतो.

उलट, एकच काम करणारे दोन सर्व्हर शेजारी-शेजारी ठेवले, तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता १ टक्क्याचा १ टक्का. म्हणजे ९९.९९ टक्के चालू. वर्षाला फक्त ५३ मिनिटं बंद. जादूच की!

पण या जादूला अट आहे. दोघांचं पडणं एकमेकांवर अवलंबून नको. माझ्या डिझाइनमध्ये नेमकी हीच अट मोडली होती. म्हणून मी वर्गात पहिल्यांदा हेच शोधायला लावते, की यांच्यात सामाईक काय आहे? एकच यूपीएस? एकच स्विच? एकच इंटरनेटची लाइन? बरं, हार्डवेअर वेगळं असेल, पण सर्टिफिकेट एकच असेल, तर त्याची मुदत संपली की दहाचे दहा सर्व्हर एका मिनिटात निरुपयोगी.

४ ऑक्टोबर २०२१ आठवतोय? व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक, सगळं साधारण सहा तास बंद होतं. सगळे राउटर रीस्टार्ट करत बसले होते. झालं असं, की देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने कंपनीच्या डेटा सेंटर्सना जोडणारं आतलं नेटवर्कच तुटलं. मग त्यांचे डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारे, इंटरनेटला दिसेनासे झाले. आणि दुरुस्तीची जी साधनं होती, त्यातली बरीचशी त्याच नेटवर्कवर अवलंबून. विहिरीत पडलेल्याला काढायचा दोरही विहिरीतच. एवढ्या मोठ्या कंपनीचं होऊ शकतं, तर आपण हा प्रश्न विचारायलाच हवा.

दुसरा प्रश्न : लोक किती येणार आणि *कधी*? ‘३६ हजार विद्यार्थी’ हा आकडा डिझाइनसाठी पुरेसा नाही. कारण आपली माणसं शेवटच्या दिवशी येतात. समजा त्यातले १८ हजार शेवटच्या दोन तासांत आले. म्हणजे सेकंदाला अडीच माणसं. एक अर्ज भरताना सर्व्हरला ४० विनंत्या जातात असं धरू, म्हणजे सेकंदाला १००. एका विनंतीला ०.२ सेकंद लागत असेल, तर एका वेळी सर्व्हरच्या हातात २० कामं. आरामात.

आता डेटाबेस दमला. तीच विनंती दोन सेकंद घ्यायला लागली. लोक तेवढेच, पण हातातली कामं झाली २००. सर्व्हर एका वेळी १०० झेलणारा असेल, तर रांग लागली. रांग लागली की आपण काय करतो? रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. दुष्काळात तेरावा महिना! येण्याचा वेग गुणिले लागणारा वेळ बरोबर आत असलेली कामं. याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. वडापावच्या गाडीपासून सर्व्हरपर्यंत सगळीकडे लागू पडतो.

आणि गर्दी कुठे वळेल हेही बघायचं. २०१९ च्या वर्ल्ड कपची भारत-न्यूझीलंड सेमीफायनल. गप्टिलचा थ्रो, धोनी रनआउट… सॉरी, जखमेवर मीठ चोळते आहे. त्या मॅचला हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षकांचा आकडा गाठला गेला. धोनी गेला आणि लोकांनी बॅक बटण दाबलं. आपल्याला वाटेल, लोक निघाले म्हणजे लोड कमी झाला. तसं नाही! बॅक दाबल्यावर माणूस होमपेजवर येतो, आणि होमपेज प्रत्येकाला वेगळं दाखवायचं, तर त्यामागच्या सर्व्हरवर एकदम धाड पडते. अशा वेळी ‘लोड वाढला की आपोआप नवीन सर्व्हर येतील’ हे वरातीमागून घोडं ठरतं, कारण नवा सर्व्हर तयार व्हायला काही मिनिटं लागतात. म्हणून ते आधीच उभे करून ठेवायचे, आणि अगदीच गळ्याशी आलं तर कमी महत्त्वाच्या सोयी बंद करून मुख्य गोष्ट चालू ठेवायची.

तिसरा प्रश्न सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. बॅकअप. ‘आहे ना मॅडम, रोज रात्री होतो.’ मी विचारते, ‘परत कधी आणून बघितलाय?’ वर्ग शांत.

३१ जानेवारी २०१७. गिटलॅबच्या एका इंजिनिअरने, दुसराच सर्व्हर समजून, मुख्य डेटाबेसचा फोल्डर उडवला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअपकडे धावले, तर नेहमीचा बॅकअप व्हर्जन न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणारे ईमेलही पोचत नव्हते. सुदैवाने सहा तास आधी कुणीतरी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता, त्यावर निभावलं. मला त्यांचं कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांनी हे लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. म्हणून आज आपण त्यातून शिकतोय.

तेव्हा मालकाकडून दोन आकडे लिहून घ्यायचे. किती वेळाचा डेटा गेला तर चालेल? आणि किती वेळ बंद राहिलं तर चालेल? मग खरंच बॅकअप परत आणायचा, घड्याळ लावून. तो आकडा हातात असता, तर मी त्या वडिलांना म्हणू शकले असते, ‘काका, तुम्ही निघा. आज होणार नाही.’ वाईट उत्तर असतं ते, पण उत्तर असतं.

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी लॅपटॉप बंद. प्रत्येकाने कागदावर डिझाइन काढायचं आणि शेजाऱ्याला द्यायचं. शेजारी लाल पेनाने कुठल्याही एका चौकोनावर फुली मारतो. ज्याचं डिझाइन, त्याने सांगायचं, की आता वापरणाऱ्याला फोनवर काय दिसेल? ‘फेलओव्हर होईल’ हे उत्तर चालत नाही. काय दिसेल ते सांग. नंतर लॅबमध्ये ते मशीन खरोखर बंद करून बघायचं.

एकदा एका मुलाने दोनशे माणसं वापरणार अशा छोट्या ॲपसाठी तीन डेटा सेंटर, कुबरनेटीस, सगळा थाट मांडला. सुंदर चित्र होतं. मी विचारलं, ‘अरे, हे सांभाळणार कोण?’ म्हणाला, ‘मीच, मॅडम. एकटा.’ ‘आणि रात्री दोनला पडलं तर?’ तो हसला, आणि स्वतःच लाल पेन घेऊन अर्ध्याहून जास्त चौकोन खोडले. उरले दोन सर्व्हर, एक डेटाबेस आणि रोज तपासलेला बॅकअप. त्या बॅचमधलं माझं सगळ्यात आवडतं डिझाइन ते.

‘मॅडम, कुठलं सर्टिफिकेशन करू?’ हे बरेच जण विचारतात. करा, जरूर करा, नोकरीला उपयोग होतो. पण एक लक्षात ठेवा. मी विंडोज सर्व्हर २००८ वर शिकले. त्यातल्या टर्मिनल सर्व्हिसेसचं नाव पुढच्याच आर२ आवृत्तीत बदलून रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस झालं, आणि त्या सर्व्हरचा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. पाठ केलेले मेनू गेले. ‘सामाईक काय आहे, लोक कधी येणार, परत कधी उभं राहणार’ हे प्रश्न मात्र क्लाउडवरही जसेच्या तसे कामाला येतात.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुम्ही ज्या सिस्टिमवर काम करता, तिचं चित्र एका कागदावर काढा. आठवणीतून नको, खरं मशीन कुठे आहे ते विचारून काढा. आयटीत नसाल तर दुकानाचं बिलिंग घ्या, घरातल्या फोटोंचं घ्या. एका चौकोनावर फुली मारा. आणि समोर कुणीतरी एसटीची वेळ बघत उभं आहे असं समजून उत्तर द्या.

भेटू पुढच्या भागात. फोन चार्ज करा, आणि हो, फोटोंचा बॅकअप एकदा उघडून बघा!